मुलांचे स्वप्न आणि पालकांचे उत्तर

(शिक्षक, पालक आणि ग्रामपंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेत वर्षातून एकदा तरी 'मी कोण होणार?' या विषयावर निबंध लिहून घेतला जातो. पाचवीच्या वर्गातील चाळीस वह्या गुरुजींनी तपासायला घेतल्या की त्यांत डॉक्टर असतात, पोलीस असतात, सैनिक असतात, शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या मुली असतात आणि क्रिकेटपटू तर हमखास असतात. एखादा मुलगा एस.टी.चा चालक व्हायचे म्हणतो, एखादी मुलगी विमान चालवायचे म्हणते. गुरुजी शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करतात, दहापैकी गुण देतात आणि वह्या परत करतात. शाळेपुरता तो विषय तेथे संपतो.

परंतु तेच वाक्य मूल संध्याकाळी घरी उच्चारते, तेव्हा त्याला घरातून एक उत्तर मिळते. कधी ते उत्तर हसण्याचे असते, कधी रागाचे, कधी कौतुकाचे. पुष्कळदा तर ते नुसते मौन असते. निबंधाचे गुण मूल आठवड्याभरात विसरते, घरातील उत्तर मात्र विसरत नाही. आजच्या विवेचनाचा विषय मुलांची स्वप्ने हा जितका आहे, तितकाच मोठ्यांचे हे उत्तर हाही आहे.

स्वप्न वयाबरोबर बदलते

लहानपणीच्या व्यवसायविषयक इच्छा कशा घडतात याचा शास्त्रीय अभ्यास गेली अनेक दशके चालू आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एली गिन्झबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यवसायनिवडीच्या तीन अवस्था सांगितल्या. साधारणतः अकराव्या वर्षापर्यंत कल्पनेची अवस्था. त्या वयात मुलाला जे आवडते ते होता येईल असेच वाटते. अकरा ते सतरा या वयात चाचपणीची अवस्था. आपल्याला काय आवडते, काय जमते आणि काय मोलाचे वाटते याचा अंदाज मूल घेऊ लागते. त्यानंतर वास्तवाची अवस्था. इच्छा आणि परिस्थिती यांचा मेळ घालण्यास तरुण प्रवृत्त होतो.

पुढे १९८१ साली लिंडा गॉटफ्रेडसन या अभ्यासिकेने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. त्यांच्या मते मूल वाढताना आपली स्वप्ने केवळ निवडत नाही, तर एकेक करून गाळतही जाते. सहा ते आठ या वयात 'हे काम मुलींचे नाही' किंवा 'हे मुलांचे नाही' म्हणून काही व्यवसाय गळतात. नऊ ते तेरा या वयात 'हे काम हलके' किंवा 'हे आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे' म्हणून आणखी काही गळतात. स्वतःचा स्वभाव आणि आवड यांचा खरा विचार मूल चौदाव्या वर्षाच्या सुमारास करू लागते. परंतु तोपर्यंत पुष्कळशी दारे त्याने स्वतःच्याच मनात लावून घेतलेली असतात.

या दोन्ही मतांतून पालकांनी आणि शिक्षकांनी घेण्यासारखा बोध सरळ आहे. आठ वर्षांच्या मुलाने 'मी पैलवान होणार' म्हटले तर तो करार नव्हे. त्याचा धसका घेण्याचे कारण नाही आणि त्याला लगेच धरून ठेवण्याचेही कारण नाही. मात्र त्याच वयात घरातील एका वाक्याने एखादी वाट कायमची बंद होऊ शकते. 'पोरीच्या जातीला हे शोभत नाही', 'आपल्या घरात असले कोणी केले आहे का', ही वाक्ये बोलणारा विसरतो. ऐकणारे मूल मात्र त्या वाटेकडे पुन्हा वळून पाहत नाही.

जे दिसते तेच मागितले जाते

मुलाचे स्वप्न त्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या जगातून येते. ब्रिटनमधील एका संस्थेने सात ते अकरा या वयोगटातील सुमारे वीस हजार मुलांकडून 'मोठेपणी मी कोण होणार' याची चित्रे काढून घेतली आणि त्यांचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध केला. या मुलांना त्यांच्या आवडत्या कामाची माहिती कोठून मिळाली, याची उत्तरे बोलकी होती. घरातील व ओळखीची माणसे, दूरचित्रवाणी आणि चित्रपट हीच प्रमुख साधने होती. शाळेत येऊन आपल्या कामाविषयी सांगणाऱ्या पाहुण्यांमुळे माहिती मिळाल्याचे सांगणारी मुले शंभरांत एकही भरली नाहीत.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातही असाच निष्कर्ष निघाला. एकेचाळीस देशांतील पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना तिसाव्या वर्षी कोणते काम करीत असाल असे विचारले असता, मुलांपैकी ४७ टक्के आणि मुलींपैकी ५३ टक्के विद्यार्थ्यांनी अवघ्या दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एकाचे नाव घेतले. जगात कामे हजारो आहेत. मुलांना ठाऊक असलेली कामे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

हे परदेशातील मुलांविषयी झाले. महाराष्ट्रातील एखाद्या दुर्गम तालुक्यातील मुलाचे जग याहून विस्तृत असेल असे मानण्यास आधार नाही. त्याला शिक्षक दिसतात, तलाठी दिसतात, पोलीस पाटील दिसतात, आरोग्य केंद्रातील परिचारिका दिसते. रक्त तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जमिनीची मोजणी करणारा भूमापक, मातीचे परीक्षण करणारा कृषिशास्त्रज्ञ, नकाशा तयार करणारा आरेखक, वीजवाहिनी दुरुस्त करणारा तंत्रज्ञ ही माणसेही गावात येऊन जातात; पण त्यांची कामे काय असतात आणि तेथे पोहोचण्याची वाट कोणती, हे मुलाला कोणी सांगत नाही. म्हणून 'माझ्या मुलाला काहीच व्हायचे नाही' अशी तक्रार करण्यापूर्वी त्याने पाहिले तरी काय आहे, याचा विचार झाला पाहिजे.

उत्तराच्या तीन तऱ्हा

घरातून मिळणाऱ्या उत्तराच्या ढोबळमानाने तीन तऱ्हा आढळतात.

पहिली तऱ्हा उपहासाची. मुलगा चित्रकार होण्याचे बोलतो आणि घरातील वडीलधारे 'मग दुकानांच्या पाट्या रंगव' म्हणून मोकळे होतात. यात दुष्टपणा नसतो, हे मान्य केले पाहिजे. ज्या बापाने दोन एकर कोरडवाहू जमिनीवर, पावसाच्या लहरीवर आणि बाजारभावाच्या चढउतारावर संसार केला, त्याच्या बोलण्यामागे भीती असते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हाती येणाऱ्या पगाराचे मोल त्याच्याइतके कोणाला कळणार? त्याची ही भीती खोटी नाही. परंतु भीती उपहासाच्या रूपाने बाहेर पडली की मूल एवढेच शिकते की, मनातले घरात बोलू नये. पुढे गंभीर अडचणीच्या वेळीही ते बोलत नाही, आणि त्याची किंमत सर्वांना मोजावी लागते.

दुसरी तऱ्हा ताबा घेण्याची. वडिलांचे वैद्यकीय महाविद्यालय थोडक्या गुणांनी हुकलेले असते. ते अपुरे राहिलेले शिक्षण मुलाने पुरे करावे, असे घरात तो पाळण्यात असतानाच ठरते. अशा घरी मुलाला 'तुला काय व्हायचे आहे' असे विचारलेच जात नाही. खाजगी वर्गांचे शुल्क भरले जाते, प्रसंगी शेत गहाण पडते आणि त्या कर्जाचे ओझे मुलाच्या दप्तरात जाऊन बसते. मुलाची हौस एखाद्या खेळात किंवा कलेत दिसताच ती आपल्या हातात घेऊन त्याला पहाटेपासून राबविणारे पालकही याच प्रकारात मोडतात. स्वप्नाचा उगम मुलात असला तरी ते पुढे मुलाचे राहत नाही.

तिसरी तऱ्हा ऐकून घेण्याची. ऐकून घेणे म्हणजे होकार देणे नव्हे. मुलाला हे काम का आवडले, त्यात काय करावे लागते हे त्याला माहीत आहे का, त्यासाठी रोज किती वेळ देण्याची त्याची तयारी आहे, हे विचारणे. स्वतःला माहीत नसेल ते जाणकाराकडून समजून घेणे. आणि घराची ऐपत किती, हे मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगणे. ही तऱ्हा वेळ मागते, म्हणून ती कमी आढळते.

काही जाणती उदाहरणे

भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांचे बालपण आजच्या गदग जिल्ह्यात गेले. त्यांचे वडील शिक्षक होते. गाण्याच्या ओढीने आणि गुरूच्या शोधात हा मुलगा १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून निघून गेला आणि ग्वाल्हेर, जालंधर असा उत्तर हिंदुस्थानात भटकला. अखेर वडिलांनी त्याला शोधून परत आणले. परत आलेल्या मुलाचे गाणे बंद झाले नाही, ही या हकिगतीतील महत्त्वाची गोष्ट होय. १९३६ साली कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे त्यांची रीतसर तालीम सुरू झाली. जे घर मुलाने सोडले होते त्या घरापासून हा गुरू फारसा दूर नव्हता. दुखावलेल्या बापाने तंबोऱ्याचे नावही घरात काढू दिले नसते, तरी त्या काळात त्याला कोणी दोष दिला नसता.

सचिन तेंडुलकर यांचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. साहित्यात रमलेल्या या गृहस्थाचा क्रिकेटशी व्यावसायिक संबंध नव्हता. मोठा भाऊ अजित यांनी अकरा वर्षांच्या सचिनला रमाकांत आचरेकर यांच्याकडे नेले. खेळाच्या सोयीसाठी वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात जावे, असा सल्ला आचरेकरांनी दिला. शाळा बदलण्याचा हा प्रश्न वडिलांनी मुलासमोर ठेवला आणि त्याच्या निर्णयाला संमती दिली. सरावाचे मैदान जवळ पडावे म्हणून मुलगा शिवाजी पार्कनजीक काका-काकूंकडे राहिला. एका मुलाच्या खेळासाठी भाऊ, काका, काकू आणि आईवडील यांनी आपापला वाटा उचलला. हट्ट मात्र कोणी धरला नाही.

ही उदाहरणे शहरी किंवा असामान्य म्हणून कोणी बाजूला ठेवील. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीकडे पाहावे. येथील स्वप्नील कुसाळे यांचे वडील शिक्षक आणि आई गावची सरपंच. म्हणजे या सभागृहात बसलेल्या मंडळींसारखेच हे कुटुंब. २००९ साली हा मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. नेमबाजी हा खर्चाचा खेळ. गोळ्यांच्या खर्चासाठी वडिलांना कर्ज काढावे लागले. मुलानेही भार हलका केला. २०१५ साली तो मध्य रेल्वेत नोकरीला लागला आणि तिकीट तपासनीसाचे काम सांभाळून त्याने सराव चालू ठेवला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले. प्रबोधिनीच्या दारापासून त्या पदकापर्यंत पंधरा वर्षे लागली.

महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमधील वैयक्तिक पदक त्यापूर्वी १९५२ साली मिळाले होते, म्हणजे मधे बहात्तर वर्षे गेली. ते पहिले पदक कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांचे. हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले आणि गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. परत आल्यावर जाधवांनी कुस्तीचे सामने भरवून प्राचार्यांचे ते ऋण फेडले. मुलाच्या स्वप्नाला उत्तर देण्याची जबाबदारी केवळ जन्मदात्यांची नसते. ती शिक्षकाची आणि गावाचीही असते, हे गोळेश्वरच्या उदाहरणाने सिद्ध केले आहे.

मुलींच्या स्वप्नांचा प्रश्न

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, यांचे वडील आणि काका हे दोघेही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्याच संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या मागे हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, त्यांना प्रवेश द्यावा लागला आणि त्यांच्या कामामुळे पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या. विज्ञानशाखेत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. संस्थेचे दार बंद असले तरी घराचे दार उघडे होते, म्हणून त्या दाराशी उभे राहून झगडणे त्यांना शक्य झाले. घरच पाठीशी नसते तर बंगळूरपर्यंतचा प्रवासही घडला नसता.

त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, डॉ. रखमाबाई यांचा अकराव्या वर्षी झालेला विवाह त्यांनी मोठेपणी नाकारला. नवऱ्याकडे नांदावयास जा अथवा तुरुंगवास भोगा, असा निवाडा १८८७ साली झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. त्या लंडनमधून वैद्यकीचे शिक्षण पूर्ण करून १८९४ साली डॉक्टर झाल्या. त्यांना वाचनाची गोडी लागली ती सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी.

आज परिस्थिती पालटली आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाला होता. म्हणजे 'मी कोण होणार?' या निबंधाच्या वह्यांतील मुलींपैकी जवळजवळ दर पाचवीचे उत्तर तिच्या ऐवजी दुसऱ्या कोणीतरी आणि वेळेपूर्वीच लिहून टाकले. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ साली झाला. कायदा आहे, पण त्याला गावाची साथ हवी. मुलगी शाळेत टिकणे, गावापासून माध्यमिक शाळेपर्यंतचा प्रवास सुरक्षित असणे आणि सातवी-आठवीनंतरही तिच्या इच्छेची घरात विचारपूस होणे, या गोष्टी कायद्याइतक्याच आवश्यक आहेत.

स्वप्न बदलले तर?

यशाच्या कथांबरोबर एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. एका पदकामागे त्याच मैदानावर तितकाच घाम गाळलेले शेकडो खेळाडू असतात, ज्यांचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी शहरात खोली घेऊन राहिलेल्या आणि वर्षामागून वर्षे निकालाची वाट पाहणाऱ्या तरुणांची घरे गावोगावी आहेत. 'वाटेल ते कर' असे सांगणारा पालक आणि 'मी सांगतो तेच कर' असे सांगणारा पालक, हे दोघेही आपली जबाबदारी टाळतात.

म्हणून मुलाच्या इच्छेला संमती देताना काही गोष्टी दोघांनी बसून ठरविणे हिताचे असते. प्रयत्न किती वर्षे करायचा, त्यासाठी खर्च किती करायचा, शिक्षण कोणत्या टप्प्यापर्यंत पूर्ण करायचे आणि यश आले नाही तर दुसरी वाट कोणती. ही बोलणी सुरुवातीलाच झाली तर ती व्यवहाराची ठरतात. अपयशानंतर झाली तर ती दोषारोपाची होतात. खाशाबा जाधव १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, कुसाळे यांनी रेल्वेची नोकरी धरली. आवड आणि उपजीविका यांत प्रत्येक वेळी वैर असतेच असे नाही.

शिवाय स्वप्न बदलणे म्हणजे हार नव्हे. सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या सुरेखा यादव यांची इच्छा शिक्षिका होण्याची होती. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतल्यानंतर त्यांनी रेल्वेत अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. देशातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी 'डेक्कन क्वीन' चालविली आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईस येणारी 'वंदे भारत' गाडी चालविली. शिक्षिका होण्यासाठी घेतलेले गणिताचे परिश्रम वाया गेले नाहीत. ते दुसऱ्या रुळावर उपयोगी पडले.

निकालाचा दिवस

घरातील उत्तराची खरी कसोटी परीक्षेच्या निकालाच्या दिवशी लागते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या अहवालांनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी देशात प्रत्येकी तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि राज्यवार आकडेवारीत महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी होती. या प्रत्येक घटनेचे कारण निराळे असते आणि सर्व दोष पालकांवर ठेवणे अन्यायाचे होईल. तथापि, अपयश घेऊन घरी जाता येते, असा विश्वास मुलाला असणे ही त्याच्या संरक्षणाची पहिली गोष्ट होय. हा विश्वास निकालाच्या दिवशी निर्माण होत नाही. पाचवीतल्या मुलाने भलतेच काही स्वप्न सांगितले असता घरातल्यांनी ते न हसता ऐकून घेतले, त्या दिवशी तो निर्माण झालेला असतो.

मुलाच्या वागण्यात बदल दिसला, झोप किंवा जेवण तुटले, 'आता काही अर्थ नाही' अशी भाषा आली, तर त्याला एकटे न ठेवता त्याच्याशी बोलावे आणि तज्ज्ञांची मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा.

शाळा आणि पंचायत यांना करता येण्यासारखे

या कार्यात शासनाने वेळोवेळी पावले टाकली आहेत. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली आला. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यास प्रारंभ झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काम पाहावे, अशी शिफारस आहे. परंतु योजना तालुक्यापर्यंत येते; तेथून मुलापर्यंत ती पोहोचविणारे हात शिक्षकाचे आणि पंचायत सदस्याचे असतात.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. या समितीने महिन्यातून एका व्यक्तीला शाळेत बोलवावे. ती व्यक्ती मोठी असण्याची आवश्यकता नाही. दवाखान्यातील परिचारिका, वीज मंडळींपैकी एखादा तंत्रज्ञ, बँकेतील रोखपाल, गवंडी, शिंपी, दुग्ध संस्थेचा सचिव, सुट्टीवर आलेला जवान यांनी येऊन आपण कामाला कसे लागलो, दिवस कसा जातो, कष्ट कोणते आणि मिळकत किती हे मुलांना सांगावे. शक्य तेव्हा स्त्रियांना बोलवावे, म्हणजे 'हे बायकांचे काम नाही' या समजाला वर्गातच उत्तर मिळेल. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांची एक भेट ठरवावी आणि त्या भेटीस पालकांनाही न्यावे. कातयंत्रावर काम करणारी मुलगी बापाने एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढचे पुष्कळसे बोलणे सोपे होते. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि प्रवेश यांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेत लागाव्यात, कारण अनेकांची वाट बुद्धीअभावी नव्हे, तर तारीख उलटून गेल्यामुळे चुकते.

शेवटी पुन्हा त्या चाळीस वह्यांकडे येऊ. निबंध तपासताना शिक्षकांनी गुणांच्या खाली लाल शाईने एक प्रश्न लिहावा : 'हे काम करणारे कोणी तू पाहिले आहेस का? घरी विचार आणि सांग.' एवढ्याने मूल वही घेऊन आईवडिलांकडे जाईल. त्या संध्याकाळी हातातले काम बाजूला ठेवून पालकांनी ती वही वाचावी, माहीत असेल ते सांगावे आणि माहीत नसेल तर 'चल, उद्या कोणाला तरी विचारू' असे म्हणावे. एका इयत्तेत, एका गावात, एवढे जरी घडून आले, तरी आजचा हा मेळावा सार्थकी लागला असे म्हणता येईल.